मूळ सिनेमातली बाई

१

बुधवारचा दुपारचा खेळ खास बायकांचा असे. तिकीट निम्मं, पंखे अर्धे बंद, मांडीवर पोरं, पायाखाली शेंगांच्या टरफलांचा चुरा, आणि पडद्यावर सासू आली की सगळ्या थेटरातून एकदम उसासा. महानंदा दर बुधवारी या खेळाला जायची, पण स्वतःसाठी नव्हे. निदान घरात तरी तसं ठरलं होतं.

तिच्या वहिनीला, मायाक्काला, सातवा महिना लागला होता. आधीची दोन्ही बाळं पोटातच गेलेली. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी महानंदाच्या भावाला, अण्णाला, समोर बसवून निक्षून सांगितलं होतं की गर्भाची वार खाली आहे, पलंगावरून पाय खाली टाकायचा नाही आणि माहेरच्या एस.टी.चं तर नावही काढायचं नाही. हेही गेलं तर पुन्हा आशा धरू नका, असं त्या बाहेर आल्यावर हळूच म्हणाल्या होत्या. ते फक्त अण्णानं आणि महानंदानं ऐकलं होतं. तेव्हापासून मधल्या खोलीतल्या लोखंडी पलंगाच्या पायथ्याखाली विटा आल्या, आणि वहिनी डाव्या कुशीवर निजून दिवस ढकलू लागली. अण्णा, म्हणजे शिवपुत्र, नव्या पेठेत कापडाच्या दुकानात. तो दिवे लागल्यावर यायचा. बी.ए. होऊन घरी बसलेल्या महानंदाकडं आपसूकच वहिनीची राखण आली.

आणि वहिनीला होतं सिनेमाचं वेड. अक्कलकोटच्या पलीकडच्या तिच्या गावात जत्रेला तंबू लागायचा, त्यात तिनं कानडी सिनेमे पोटभर पाहिले होते. तेच सिनेमे दोन-चार वर्षांनी हिंदीवाले नव्यानं काढायचे, आणि मग सोलापुरात लागायचे. महानंदानं बघून यायचं, पाय धुऊन पलंगाशी बसायचं आणि पहिल्या पाटीपासून शेवटापर्यंत सगळी गोष्ट सांगायची. वहिनी डोळे मिटून ऐकायची आणि मधेमधे निकाल द्यायची.

"हिंदीवाले गोष्ट उचलतात आनि घर तिकडंच टाकून येतात बघ," ती म्हणायची. "कानडीत सुनंच्या डोळ्याला धूर लागतो. हिंदीत त्याच सुनंला जिना देतात. जिना उतरत गाणं म्हणती! सात महिन्यांची बाई जिन्यावर गाणं म्हणंल का गं?"

"पण वहिनी, तसंच्या तसं काढलं तर मग काढायचं कशाला?" महानंदा कॉलेजातल्यासारखी वाद घालायची. "दुसरी भाषा, दुसरी माणसं. थोडं बदलणारच की."

"बदलू दे की. जीव काडू नये म्हंते मी."

त्या बुधवारच्या सिनेमात एक सून बाळंतपणाआधी अंथरुणाला खिळते आणि सासरचे तिच्यावर नाही नाही ते संशय घेतात, अशी गोष्ट होती. हा तर वहिनीनं कानडीत बघितलेला. महानंदा सांगत गेली आणि वहिनी हुंकार देत गेली. बारशाचं गाणं सांगून झालं तसं वहिनीनं डोळे उघडले.

"आनि ती दाराआडची बाई? ती घेतली का?"

"कुठली बाई?"

"अगं, सून निजलेली असती त्या खोलीत. दाराआड उभी असती की सारखी. कुनाला दिसत न्हाई, सुनंलाच दिसती."

"नाही बाई. तशी कुणी नव्हती."

वहिनीनं जीभ टाळ्याला लावून चुक् केलं. "बघ. तिलाच काडून टाकली. मग र्‍हायलं काय सिनेमात?"

महानंदा हसली. पाणी आणायला उठली तेव्हा मात्र, उगाचच, खोलीच्या दाराचं एक फळकूट तिनं भिंतीला पुरतं टेकवून ठेवलं.

२

पुढच्या बुधवारी लागला तो मराठी सिनेमा होता आणि एका कादंबरीवरून काढलेला. ही कादंबरी महानंदानं वाचनालयातून आणून दोनदा वाचली होती. त्यामुळं सांगताना तिचंच तोंड सुटलं. नायिकेच्या मनातलं सगळं त्यांनी मैत्रिणीच्या तोंडी घातलंय, पुस्तकात ती एक शब्द बोलत नाही. आणि तो मामा! पुस्तकात दोन ओळींचा, इथं धोतर सावरत तासभर हसवतोय.

वहिनी कौतुकानं ऐकत होती. तिला मराठी वाचायला जड जायचं, पण पारख तिला होती. "पुस्तकाचं सोड," ती म्हणाली, "पुस्तक जेच्या तेच्या डोक्यात येगळं चालतं. सिनेमा समद्यांना येकच दिसतो." मग जराशानं, जांभई द्यावी इतक्या सहज, "आनि ती बाई? ह्येंनी तरी घेतली?"

"वहिनी, ही कादंबरी आहे. कानडीशी काही संबंध नाही हिचा."

"असंल की. ट्रंकंवर बसलेली असती. पाय हलवत."

पलंगासमोर, भिंतीशी, वहिनीची माहेरची हिरवी ट्रंक होती. महानंदाची मान तिकडं वळली. ट्रंकेवर काही नव्हतं. दुपारी निघताना तिनंच घडी करून ठेवलेली सोलापुरी चादर होती, आणि त्या घडीला मधोमध खळगा पडला होता.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन तिनं कादंबरी पुन्हा चाळली. कुठल्याच पानावर तसली बाई नव्हती. आपण हे बघायला आलो याचीच तिला लाज वाटली. बाई दिवसभर पडून असते, गुंगी येते, एक सिनेमा दुसऱ्यात मिसळतो, यात नवल काय? चादरीवर मांजर बसलं असेल.

घरी परत येईपर्यंत तिला आठवलं की परसदार आपण बंद करून गेलो होतो.

३

शेजारी भूदेवीचं घर होतं. पद्मशाली विणकर माणसं, पुढं राहायचं, मागच्या खोलीत कापडाचा माग. मागाची खटक् खटक् भिंतीतून सारखी यायची, इतकी की ती थांबली तरच कानाला कळायचं. भूदेवी महानंदाच्याच वयाची. रविवारी सकाळच्या खेळाला तेलुगू सिनेमे लागत, त्यातला एकही तिनं सोडला नव्हता.

"आमचं चिंचेचं सार हिंदीवाले नेतात," भूदेवी सांगत होती, "आणि त्यात साखर घालून तुम्हाला वाढतात. तुम्ही म्हणताय, वा वा! अय्यो, मूळ एकदा बघ की. हिरो रडला तर नाकातून पाणी येतं आमच्यात. हिंदीत नुसता रुमाल काढतो."

"भूदेवी, मला एक सांग. त्या अंथरुणावरच्या सुनेच्या गोष्टीचा तेलुगू पण आहे ना?"

"आहे की. दोनदा बघितला मी."

"त्यात दाराआड एक बाई उभी असते का? सुनेलाच दिसणारी?"

"बाई? भुताचा सिनेमा आहे का तो? सासू आहे, नणंद आहे, आणि एक म्हैस आहे. नणंद तुझ्यासारखीच शिकलेली आहे, आणि तुझ्यासारखीच भित्री." भूदेवी खदखदून हसली.

महानंदाही हसली. इतक्यात भूदेवीची आई नरसम्मा सुताच्या लडी घेऊन बाहेर आली. महानंदा सिनेमाला गेली की मायाक्काकडं कान ठेवायचं तिनं कबूल केलं होतं.

"नंदा, तुमच्याकडं पाहुणी कोण आली गं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही, मावशी."

"बुधवारी बोलत बसल्या होत्या की दोघी. म्हणून तर मी आले नाही. म्हटलं, माहेरचं कुणी आलंय, कशाला मधे जा."

"वहिनी एकटीच बोलते कधीकधी. सिनेमातलं."

"असेल बाई," नरसम्मा म्हणाली. लडी खांद्यावर सारखी करत ती वळली. "दुसरी काही जास्त बोलत नव्हती. हसत होती मधेमधे."

४

त्या बुधवारी महानंदा गेली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. वहिनीनं काही वाद घातला नाही, पण जेवणाचं ताट तसंच परत केलं.

दुपार चढली. उन्हानं पत्रे तडतडू लागले. महानंदा पलंगाशी बसून उशीचा अभ्रा शिवत होती. वहिनी ट्रंकेकडं तोंड करून निजली होती. भिंतीपलीकडं माग चालू होता, तोवर सगळं नेहमीचंच वाटत होतं. मग कांडी बदलायला माग थांबला. एकदम इतकी शांतता झाली की दोऱ्याचा कापडातून ओढला जाणारा आवाजसुद्धा महानंदाला मोठा वाटला. आणि त्या शांततेत, ट्रंकेचा पत्रा आत दबावा तसा डुबुक् आवाज झाला.

सुई बोटात घुसली. उन्हानं पत्रा फुगतो, ती मनाशी म्हणाली. पण पत्रे छताचे तापतात. खोलीतली ट्रंक कशानं तापेल?

माग पुन्हा सुरू झाला. वहिनी झोपेत नव्हती. "आज न्हाई बसायची ती," ती ट्रंकेकडं बघतच म्हणाली.

"कोण, वहिनी?"

"सिनेमातली गं. घरात दुसरं कुनी आसलं की ती येत न्हाई. मूळ कानडीत पन तसंच हाय." तिनं पोटावरून हात फिरवला. "सून येकटी पडली की मग येती. पलंगावर बसती, उशाशी. लई गोड बोलती."

"काय बोलते?"

वहिनीनं तिच्याकडं असं पाहिलं, जसं लहान पोरानं शेवट आधी विचारला की मोठी माणसं पाहतात.

रात्री अण्णा जेवायला बसला तेव्हा महानंदानं विषय काढला. त्यानं भाकरी मोडता मोडता ऐकून घेतलं. "अगं, अंथरुणात पडून काय करेल ती? सिनेमाच बोलेल की. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्यात? मन आनंदात ठेवा. तू जात जा. तू गेली नाहीस तर ती जेवत नाही, बघितलंस न्हवं?" मग आवाज उतरवून, "एवढं सुखरूप होऊ दे, नंदा. मग तू म्हणशील तिथं नोकरी कर. मी मधे येणार नाही."

५

आणि नेमका त्याच आठवड्याच्या रविवारी तो कानडी सिनेमा लागला. सकाळचा एकच खेळ. मूळचा, ज्यावरून तेलुगू निघाला आणि मग हिंदी. अण्णाला सुट्टी होती, वहिनीपाशी तो थांबणार होता. महानंदा भूदेवीला ओढून घेऊन गेली.

प्रिंट जुनी, पडद्यावर सारखा पाऊस. नायिकेच्या डोळ्याला खरंच धूर लागत होता. वहिनीचं खरं होतं. हिंदीत हे घर कुठंच नव्हतं. एरवी महानंदा हरखून गेली असती. पण ती गोष्ट बघतच नव्हती, दारं बघत होती. सुनेची खोली आली की दाराची फट, फटीमागचा काळोख, ट्रंक, पलंगाचा उसा. शेवटपर्यंत तिथं कुणी आलं नाही. बारसं झालं, पाळणा हलला, दिवे लागले.

"मिळाली का तुझी बाई?" भूदेवीनं चप्पल शोधत विचारलं.

"नाही."

"मग तोंड का पडलं? बरंच झालं की."

बरं झालं की नाही हे महानंदाला ठरवता येईना.

घरी आली तर अण्णा पान आणायला कोपऱ्यावर निघाला होता. वहिनी उशीवर कोपर टेकून वाटच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती, की दोन्ही खेपांच्या आधीची वहिनी महानंदाला आठवली.

"बघितलीस न्हवं तिला? आता तर पटलं?"

नाही म्हटलं तर हा चेहरा विझणार. पुन्हा ताट परत येणार. मन आनंदात ठेवा.

"बघितली," महानंदा म्हणाली.

वहिनीनं सुस्कारा सोडला. "मग शेवट सांग. मला शेवट ठाऊक न्हाई. जत्रंत बघत हुते, तर वारं सुटलं आनि पडदाच फाटला. पैला जीव हुता तवा पोटात. तवापासनं इचारायचंय, शेवटाला ती बाई जाती का? कशी जाती?"

बारशाचा शेवट उपयोगाचा नव्हता, त्यात बाई नव्हती. तिला बाहेर काढायची होती. सिनेमातून, वहिनीच्या डोक्यातून, या खोलीतून. एखादी सवाष्ण दारी आली तर तिला रिकामी पाठवत नाहीत. ओटी भरली की ती आशीर्वाद देते आणि जाते. इतकं सोपं आणि इतकं आपल्याकडचं. वहिनीनं नेहमी म्हणावं तसं, घरातलं.

"सून तिची ओटी भरते," ती म्हणाली.

"आमच्यात ओटीला उडी म्हंत्यात," वहिनी पुटपुटली. "मग?"

"मग ती पदर सावरते, आणि सुखानं जाते. परत येत नाही."

"काय घालती ओटीत?"

तेवढ्यात दारात अण्णाची चप्पल वाजली. महानंदाला विषय आवरायचा होता. "सिनेमात ते धड दिसत नाही," ती घाईनं म्हणाली. "घालते, तिच्यापाशी जे असतं ते."

वहिनीनं महानंदाचा हात घट्ट धरला. "चांगलं केलं," ती म्हणाली. कुणी चांगलं केलं ते काही तिनं सांगितलं नाही.

६

पुढचे दिवस लखलखीत गेले. वहिनी दोन्ही वेळा जेवली, बाईचं नावसुद्धा तिनं काढलं नाही, आणि अण्णा दुकानातून येताना मोगरा घेऊन आला. महानंदाला थोडा गर्व झाला होता. हिंदीवाले गाणी वाढवतात, हाणामारी वाढवतात; आपण एक बाई वाढवली आणि शेवट नवा दिला, तर काय रंगला! एखाद्या माणसाचा जीव वाचत असेल तर मूळ गोष्टीला किती धरून बसायचं?

बुधवारी वहिनीनंच तिला घालवलं. "जा गं. आनि ताट तेवडं करून ठेव हितं. कुंकू, तांदूळ, नारळ, खण."

"कशाला?"

"नरसम्माची ओटी भरते. माजं येवडं करती ती."

पलंगावरून हात पोचेल असं स्टुलावर तिनं ताट ठेवलं. पाय खाली टाकायचा नाही, दोनदा बजावलं.

सिनेमा तेलुगूवरून घेतलेला होता. बायका हसत होत्या, रडत होत्या. मध्यंतरानंतर एक प्रसंग आला. दिवस गेलेली बाई पलंगावर एकटी. मागं दार अर्धं उघडं. महानंदाचे डोळे सवयीनं दाराआड गेले. तिथं कुणी नव्हतं. इथं ती नाहीच, ती स्वतःला म्हणाली. हिंदीत नाही, तेलुगूत नाही, कानडीत नाही. कादंबरीत नाही. कुठल्याच सिनेमात ती कधी नव्हती.

मग वहिनीनं तिला बघितलं कुठं?

दाराआड, ट्रंकेवर, उशाशी. घरात दुसरं कुणी नसलं की. बुधवारी.

ती गुडघे तुडवत, शिव्या खात बाहेर पडली. उन्हानं डोळे दिपले. टांगेवाला हाक मारत होता, ती थांबली नाही. नव्या पेठेतली गर्दी, कापडाचे गठ्ठे, हातगाड्या, कुणीतरी ओरडलं, "ताई, बघून की!" तिच्या पायातली एक चप्पल कुठंतरी राहिली.

त्यांचा बोळ इतका अरुंद, की समोरून माणूस आलं तर भिंतीशी अंग चोरावं लागे. बोळात एक बाई समोरून येत होती. गर्द इरकल, पदर कपाळाखाली ओढलेला. कुणाकडं तरी ओटी भरून घेऊन निघालेली; दोन्ही हातांनी पदराचा ओचा पोटाशी धरलेला. महानंदा धापा टाकत भिंतीला टेकली आणि खाली बघत तिला वाट दिली. बाई अगदी सावकाश गेली. ओटीतलं ओझं बरंच असावं, पदर खाली ओढला गेला होता. एका हातानं ती तो ओचा हलके हलके थोपटत होती. तोंडानं काहीतरी गुणगुणत होती.

ती पुढं गेली तशी महानंदा पुन्हा पळाली.

७

माग थांबलेला होता.

पुढचं दार नुसतं लोटलेलं. "वहिनी?" मधल्या खोलीत कुणीतरी हळूच बांगड्या वाजवल्या.

स्टुलावर ताट होतं. कुंकवाचा करंडा उघडा, त्यातलं बोटभर कुंकू उचललेलं. तांदळाची रास मात्र टोकदार, निघताना महानंदानं ओतली तशीच. नारळ तसाच. खणाची घडीसुद्धा मोडली नव्हती.

महानंदानं पलंगाकडं पाहिलं, आणि तिला आधी कळलंच नाही की काय चुकतंय. वहिनी पालथी निजली होती. हनुवटी दोन्ही तळव्यांवर, पाय मागं वर करून, एकमेकांवर आपटत. जत्रेच्या तंबूत पुढच्या रांगेत पोरी सिनेमा बघतात, तशी. इतके महिने डाव्या कुशीवर निजलेली बाई गादीवर सपाट पालथी पडली होती आणि तिला काहीच टोचत नव्हतं. चादर पांढरी होती. डाग कुठंही नव्हता.

"लवकर आलीस," वहिनी म्हणाली.

"वहिनी, नरसम्मामावशीला... तांदूळ तर तसेच आहेत. तुम्ही ओटी..."

"भरली की." तिचा चेहरा निवांत होता, धुतल्यासारखा. "तू म्हनालीस तशीच. माज्यापाशी जे हुतं ते."

बोळातला तो थोपटणारा हात महानंदाच्या डोळ्यांपुढून हलेना.

"गेली बग सुखानं," वहिनी म्हणाली. "आता न्हाई यायची." मग उशीत गाल टेकवून, सिनेमा आवडल्यावर ती नेहमी सोडायची तसा समाधानाचा सुस्कारा तिनं सोडला.

"मूळ कानडीचा कसा का आसंना, नंदा. मला तुजाच शेवट बरा वाटतो."